कोळेरोगाची फवारणी सातबाऱ्यावर नको, वाडीवर हवी

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत, तसेच सीमेपलीकडच्या गोव्यातील कुळागरांत (सुपारी, नारळ, मिरीच्या मिश्र बागांत), आषाढ-श्रावणात पोफळीखाली कोवळ्या हिरव्या सुपारीचा सडा पडू लागतो. ‘कोळेरोग आला’ एवढेच बोलून बागायतदार ती गोळा करायला लागतो. खरे तर त्या दिवशी करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. या रोगाशी लढाई रोहिणी नक्षत्रात, पहिला पाऊस पडण्याआधी जिंकावी लागते आणि ती एकट्या बागेने जिंकता येत नाही. शासनाच्या मदतीची आखणी मात्र या दोन्ही गोष्टींच्या उलट आहे. त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हा रोग काही नवा नाही. ‘कोळे’ हा कानडी शब्दच मुळी कुजणे या अर्थाचा आहे. जुन्या म्हैसूर संस्थानात कॅनडाहून आलेले शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी मलनाडातील, म्हणजे पश्चिम घाटाच्या डोंगराळ पट्ट्यातील पोफळींवर या रोगाचा अभ्यास करून तो १९१० मध्ये प्रसिद्ध केला. फ्रान्समधील द्राक्षमळ्यांसाठी मिलार्डे यांनी १८८५ मध्ये पुढे आणलेले मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण सुपारीच्या घोसांवर मारण्याचा उपाय रुजला तो त्याच काळात. त्याआधीचे मलनाडातील शेतकरी पावसाळ्यात घोसांवर गवताच्या किंवा पोफळीच्याच विऱ्यांच्या (झावळीच्या बुंध्याकडील रुंद आवरणांच्या) टोप्या बांधत असत. घोस भिजला नाही तर रोग लागत नाही, हे त्यांनी निरीक्षणातून ओळखले होते आणि ते अगदी बरोबर होते.

बरोबर होते, असे म्हणण्याचे कारण रोगाच्या जीवनक्रमातच आहे. रोगकारक जीवाचे नाव फायटोप्थोरा. १८४५ पासून आयर्लंडमधील बटाट्याचे पीक ज्याने नासवले, त्याचाच हा भाऊबंद. आपण त्याला सवयीने बुरशी म्हणतो आणि कृषी पत्रिकांतही कोळेरोगाची गणना बुरशीजन्य रोगांत होते, परंतु तो खऱ्या बुरशांच्या कुळातील नाही. त्याची पेशीभित्ती मुख्यतः सेल्युलोजची असते, त्याचे जवळचे नाते तपकिरी शेवाळांशी आहे आणि त्याच्या बीजाणूंना शेपट्या असल्याने ते पाण्यात पोहतात. फळावर पाण्याचा पातळ थर टिकून राहिला की बीजाणू त्यातून पोहत जाऊन फळात शिरतो. देठाकडच्या बाजूला पाण्याने भिजल्यासारखा गडद हिरवा डाग उमटतो, तो पसरतो, फळ गळते आणि गळालेल्या फळावर पांढरी लव चढते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आमच्या भागात, दिवसचे दिवस झड लागून मध्येच ऊन पडते त्या वेळी, या जीवाला याहून सोयीचे हवामान मिळणे कठीण. रोग घोसातून शेंड्यात उतरला तर केवळ वर्षाचे पीक जात नाही, ते झाडच जाते; आणि पोफळ पुन्हा लावून पीक हाती येण्यास पाच-सहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो.

बुरशी आणि बुरशीसारखा जीव हा भेद केवळ पुस्तकी आहे, असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी एका दुकानात ‘बुरशीनाशक’ मागितल्यावर मला कार्बेन्डाझिम देण्यात आले. मी ते संपूर्ण बागेवर विश्वासाने फवारले आणि त्या पावसाळ्यात निम्म्याहून अधिक सुपारी जमिनीवर पाहिली. कार्बेन्डाझिम अनेक खऱ्या बुरशांवर चालते, फायटोप्थोरावर चालत नाही, हे मला नंतर समजले. औषधाच्या पैशापेक्षा हंगाम हातचा गेल्याचे दुःख मोठे होते. आजही कित्येक बागायतदारांच्या हाती तेच औषध पडत असेल, तर विक्रेत्यांना पावसाळ्यापूर्वी या एका मुद्द्याची लेखी सूचना देणे कृषी खात्याला सहज शक्य आहे, आणि त्याला एक पैसाही लागणार नाही.

एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चांगला चुना आणि १०० लिटर पाणी. वाचायला सोपे वाटते, पण हेळसांड केली तर हेच मिश्रण निरुपयोगी ठरते किंवा कोवळी फळे जाळते. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत भिजवावेत, लोखंडी भांडे वापरू नये, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ढवळत ओतावे. तयार मिश्रणात लोखंडी कोयत्याचे पाते थोडा वेळ बुडवून काढावे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे, आणि पावसात टिकण्यासाठी त्यात राळेचे चिकट द्रावण मिसळावे. ही फवारणी प्रतिबंधक आहे. फळावर तांब्याचा थर आधीपासून असेल तरच बीजाणू तिथे मरतो. तो आत शिरल्यानंतर वरून कितीही फवारले तरी उपयोग नाही. म्हणून पहिली फवारणी मेच्या अखेरीस आणि दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, पुनर्वसू-पुष्याच्या सुमारास मिळेल त्या उघडिपीत करावी लागते. आमच्याकडे मात्र अनुदानावरील मोरचूद आर्द्रा निघून गेल्यावर हाती पडल्याचा अनुभव एकदा नव्हे, दोनदा आला आहे.

आता वाडीचा, म्हणजे वस्तीतल्या सगळ्या सलग बागांचा प्रश्न. आमच्या बागा एकमेकींना खेटून, एकाच व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी आणि एकाच पाटाच्या पाण्यावर उभ्या आहेत. त्यांतील काही बंद आहेत: मालक मुंबईला, सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावे, वाटणी झालेली नाही. तिथे ना फवारणी होते, ना गळालेली फळे व वाळलेले घोस गोळा करून जाळले जातात. रोगाचा जीव त्या कुजलेल्या घोसांत आणि जमिनीत तग धरतो आणि पुढच्या पावसात उडणाऱ्या थेंबांबरोबर, वाहत्या पाण्याबरोबर शेजारी येतो. मी कितीही काळजी घेतली तरी बांधापलीकडे रोगाचे कोठार भरलेले राहते. त्या मालकांना मी दोष देत नाही. त्यांतील कित्येकांना बाग राखायची आहे, पण सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीपत्रांवाचून अनुदानाचा अर्जच पुढे सरकत नाही. शिवाय आमच्या मिश्र बागांत पोफळीवर मिरीचे वेल आणि मधूनमधून माड असतात. मिरीची मर आणि माडाची कोंब कुजणे हेही फायटोप्थोराचेच प्रकार आहेत. म्हणजे नुकसान सुपारीपुरते थांबत नाही.

दुसरी अडचण माणसांची. पन्नास-साठ फूट पोफळीवर चढून, एका झाडावरून दुसऱ्यावर झोका घेत फवारणी करणारे पाडेली आता गावात बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत आणि त्यांची मुले हे जिवावरचे काम करू इच्छित नाहीत, त्यात त्यांचे काही चुकत नाही. कर्नाटकात कार्बन फायबरच्या लांब काठ्यांनी जमिनीवर उभे राहून फवारणी आणि काढणी होऊ लागली आहे. मात्र त्या काठ्या महाग असल्याने दोनशे झाडांच्या बागायतदाराला एकट्याने घेणे परवडत नाही.

म्हणून माझी मागणी अशी की फवारणीचे अनुदान खातेदाराला न देता वाडीला द्यावे. ग्रामपंचायत किंवा बागायतदारांच्या गटाने बंद बागांसह सलग पट्ट्याची फवारणी करावी, आणि अशा बागेत शिरण्यास हजर असलेल्या एका हिस्सेदाराची संमती पुरेशी मानावी. प्रत्येक गटाला काठ्यांचा एक संच आणि तो चालवणाऱ्या तरुणांना प्रशिक्षण व अपघात विमा मिळावा. तांब्याच्या वारंवार वापराने ते जमिनीत साठते, ही शंका रास्त आहे. त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ठरावीक बागांची माती दर काही वर्षांनी तपासावी. फळपीक विमा योजनेत आंबा आणि काजू आहेत, शेजारच्या कर्नाटकात सुपारीलाही असा विमा मिळतो. आपल्याकडेही तो लागू करावा.

यातले बाकी काही पुढच्या वर्षावर गेले तरी चालेल. परंतु मोरचुदाची खरेदी आणि वाटपाचे आदेश चैत्रातच निघाले पाहिजेत, म्हणजे वैशाखाच्या अखेरीस माल गावात पोहोचलेला असेल आणि रोहिणी लागताच पंप सुरू होतील.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सुपारी बागायतदार,
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग