गाणी पुष्कळ आली, आता बोललेल्या रेकॉर्डी द्या!

नमस्कार सांगलीकर मंडळी,

वाचनालयातर्फे एक विनंती आहे, आणि ज्यांच्या घरात माळा आहे त्यांनी तर नक्की वाचा. जुन्या रेकॉर्डी जमा करायचं काम आपण चालू केलंय हे बऱ्याच जणांना माहितीये, पण आत्तापर्यंत आलं ते जवळजवळ सगळं गाणंच, नाट्यसंगीत, भावगीतं, सिनेमा. आणा, नाही म्हणत नाही, पण गाण्याला वाली आहे, संग्राहकांनी ते जपलंय, नेटवरही सापडतं. आम्हाला हवंय ते बोललेलं. पोवाडे, भारुडं, कीर्तनातली आख्यानं, तमाशातल्या बतावण्या, नकला, नाटकातले प्रवेश, कवीनं स्वतःच्या तोंडानं म्हटलेली कविता, कुणाचं भाषण. अशा रेकॉर्डीला बाजारात फारसं कुणी विचारत नाही, त्यामुळे घर आवरायला काढलं की पहिली रद्दीवाल्याकडे जाते ती हीच.

आता यात एवढं काय आहे म्हणाल तर ऐकून बघा एकदा. मैदानात तासभर रंगणारा पोवाडा, आणि 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, म्हणजे दोन्ही बाजू धरून सात मिनिटांत सगळं बसवायचं, मधे रेकॉर्ड उलटी करायची ती जागासुद्धा हिशोबात धरायची. शाहिरानं काय गाळलं, कुठे दम घेतला, मागे साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांना 'जी जी रं जी' किती वेळा म्हणू दिलं, हे छापील पोवाड्यात कुठून कळणार? सुरुवातीच्या रेकॉर्डींना माइक नव्हता, कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून जोरात म्हणायचं, 1925 नंतर हळूहळू माइकवर रेकॉर्डिंग व्हायला लागलं आणि मग हळू बोललेलंही पकडता यायला लागलं. गायिका गौहर जान यांनी 1902 ला कलकत्त्यात रेकॉर्डिंग केलं तेव्हा शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं ते बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. ते ऐटीसाठी नव्हतं बरं का, तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला बनायच्या, तिथल्या माणसाला कुणाचं लेबल चिकटवायचं ते कळायला हवं ना!

पुढे एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, पुलंचे प्रयोग एलपीवर आले आणि लोकांनी ते विरामासकट पाठ केले. त्या एलपी लोकांनी सांभाळल्यात, प्रश्न बाकीच्यांचा आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथे नाटक केलं म्हणून आपण नाट्यपंढरी म्हणवून घेतो, पण जुन्या नटांचे बोलते आवाज या गावात कुठे एका ठिकाणी ऐकायला मिळतात का ते सांगा.

त्यात 2019 चा महापूर. गावभागात कितीतरी घरांत कपाटं पाण्यात होती, रेकॉर्डी चिखलात गेल्या आणि लोकांनी टाकून दिल्या. प्लीज टाकू नका! एलपी विनाइलची असते, तिला पाण्यानं फारसं होत नाही, कव्हर आणि लेबल जातं, बुरशी येते, ती काढता येते. 78 ची मात्र लाखेची, ती पडली की बांगडीसारखी फुटते आणि जास्त वेळ ओली राहिली तर खराब होऊ शकते, तरी आमच्याकडे आणा, बघू काय वाचतंय ते. आणि कृपा करून घरी स्पिरिट किंवा सॅनिटायझरनं पुसू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, खाचा गेल्या की आवाज गेला. आडव्या थप्प्याही नकोत, उभ्या ठेवून आणा, प्रत्येकीमध्ये वर्तमानपत्राचा कागद घाला. फुटलेली असेल तर सगळे तुकडे आणा.

आता पैशाचं. टर्नटेबल एका सभासदांनी दिलंय, पण 78 साठी सुई वेगळी लागते, एलपीच्या जवळजवळ तिप्पट जाड, एलपीची सुई तिच्या खाचेत तळाशी जाऊन नुसती खरखरते. तर तशा दोन सुया, सुईचा बारीक आवाज वाढवणारा एक बरा प्रीअँप, कॉम्प्युटरला जोडायचा ऑडिओ इंटरफेस, दोन हार्ड डिस्क (एक वाचनालयात, एक दुसरीकडे, पूर आपण बघितलाय) आणि पहिल्या मजल्यावर लोखंडी रॅक, असं मिळून 85 हजारांच्या आसपास जातंय. शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल, खर्चाचा कागद दर महिन्याला नोटीस बोर्डवर लागेल. रोख नको असेल तर वस्तू घेऊन द्या, उलट बरंच.

काही जण विचारतात की हे सगळं नेटवर टाकणार का. सरसकट नाही. रेकॉर्डिंगचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षं असतो आणि त्यातल्या कवितेचा किंवा नाटकाचा हक्क वेगळा, तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, त्यामुळे एकेक तपासूनच ठरेल. तुमची रेकॉर्ड द्यायची नसेल तर उसनी द्या, कॉपी करून परत देऊ, तसं लिहून देतो.

आणखी एक, आणि हे पैशापेक्षा अडलंय. आमच्याकडे लेबल गेलेल्या बऱ्याच तबकड्या आहेत, आवाज आहे पण माणूस कोण ते कळत नाही. ज्यांनी त्या काळातली नाटकं, फड, कीर्तनं ऐकलीत अशा आजी-आजोबांनी तासभर येऊन ऐकावं, जिने चढवत नसतील तर आम्ही फोनवर फाइल घेऊन घरी येतो. दर शनिवारी संध्याकाळी 5 ते 8 वाचनालयात कुणीतरी असतंच, रेकॉर्डी त्याच वेळी आणा, इतर दिवशी शिपायाकडे ठेवून जाऊ नका.