एकच अर्ज सगळ्या कारखान्यांना

मा. संपादकसाहेब, नमस्कार,

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीनशॉप आहे, हायड्रॉलिक सिलिंडरचे पार्ट करतो. मागच्या महिन्यात तुमच्याच पेपरात तीन ओळींची जाहिरात दिलेली, सीएनसी टर्नर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा लेथ चालवणारा, पाहिजे, फॅनुक कंट्रोलच्या मशीनवर हात बसलेला, सेकंड शिफ्ट चालेल असा. ३१ अर्ज आले की हो! पण वीसेक तर एकाच झेरॉक्सच्या दुकानातनं निघाल्यासारखे, नाव आणि फोटो तेवढा वेगळा, बाकी तेच चॅलेंजिंग करिअर, तेच हार्डवर्किंग, तीच क्रिकेटची आवड. एकानं तर चाकणच्या कंपनीच्या नावावर व्हाइटनर मारून पेननं माझ्या शॉपचं नाव घातलेलं, उजेडात धरलं की खालचं स्वच्छ दिसतंय.

पोरांना येत नाही असं नाही, येतं ते लिहीत नाहीत. कंग्राळीच्या एकानं अर्ध्या पानात लिहिलं होतं, रॉड टर्निंग केलंय, मायक्रोमीटरनं ०.०१ एमएमपर्यंत स्वतः मोजतो, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) टाकता येतो, प्रोग्रॅमिंग अजून शिकतोय, सेकंड शिफ्ट चालेल. त्याला त्याच दिवशी फोन केला. आता हाच पोरगा हत्तरगीला विमानाचे पार्ट करतात तिकडं अर्ज करणार असेल तर ड्रॉइंग वाचणं, इन्स्पेक्शन हे वर घ्यायला पाहिजे, आणि कोल्हापूरकडं कागल नाहीतर गोकुळ शिरगावला करणार असेल तर तिथं राहणार की रोज अप-डाउन करणार हे आधीच सांगून टाकावं, कारण मालकाला पहिली शंका तीच येते. म्हणून नसलेलं घुसडू नका हं, ट्रायल जॉब दिला की दहा मिनिटात कळतं.

दुसरं म्हणजे भाषा. रकान्यात मराठी, हिंदी, इंग्लिश एवढंच लिहितात, अहो बाजारात रोज कन्नड बोलता की! हुक्केरी, गोकाककडचा सुपरवायझर असला की शिफ्टवर कन्नडच चालतं. बोलता येतं, वाचायला जमत नाही, एवढं लिहिलं तरी बास. सीमाप्रश्न १९५६ पासनं चालूच आहे, तो अर्जात कशाला आणायचा.

मी काय शहाणा नव्हतो. ९६ साली शिरोलीच्या एका फाउंड्रीत फिटरसाठी अर्ज टाकलेला, त्यात मिलिंगचाच अनुभव पानभर लिहिला, साहेबानं कागद उलटापालटा करून विचारलं, फिटिंग कुठाय? आयटीआयत दोन वर्षं फायलिंग करून हाताला घट्टे पडलेले, ते लिहायचंच राहिलेलं. गाडीखर्च अंगावर घेऊन परत आलो.

आयटीआयतल्या सरांनी शेवटच्या महिन्यात पोरांसमोर चार खऱ्या जाहिराती ठेवून चार वेगळे अर्ज लिहून घ्यावेत, एवढी विनंती छापा. व्हाइटनरवाल्यालाही बोलावलंय मी, सोमवारी येतोय, बघू मशीनवर हात कसा आहे ते.

आपला,
एक वर्कशॉपवाला, अनगोळ, बेळगाव