‘एक गाडी बाहेर लावून बघा’

फोंडा, गोवा
१८ ऑगस्ट २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
(आणि त्यांच्यावर जे कोणी बसत असतील ते)

विषय : गॅरेजच्या भिंतीवरची मांडणी काढून नेणे, पैसे परत करणे आणि गाडीच्या बॉनेटची भरपाई

आज सकाळी दहा चाळीसला तुमच्या ग्राहक सेवेशी माझं अकरावं बोलणं झालं. बारावं होणार नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

वर फळ्या, खाली कपाटं अशी ही मांडणी; ती कुठली, तिचे भाग किती, हे समजावत बसत नाही. माल तुमचा आहे, मॉडेल नंबर बिलावर आहे. मी ८६,५०० रुपये भरले. ८ मे रोजी तुमच्या माणसांनी ती बसवली. ११ जुलैच्या रात्री अडीच वाजता तिचा मधला भाग भिंतीतून सुटून आमच्या वॅगनआरच्या बॉनेटवर पडला. आज १८ ऑगस्ट आहे. बाकीची मांडणी अजून भिंतीवरच आहे आणि तिच्याखाली गाडी लावायची आमची हिंमत होत नाही.

मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. गॅरेजचा हिशेब मी आधीच केला होता आणि एप्रिलमध्ये सर्व्हेला आलेल्या तुमच्या माणसाच्या हातात आलेखाच्या कागदावर दिला होता. तो कागद तुमच्या फाइलीत असेल असं गृहीत धरते. नसेल तर प्रत सोबत आहे. गॅरेज आतून ५ मीटर रुंद, ५ मीटर २० सेंटिमीटर खोल. मुलाची क्रेटा १७९ सेंटिमीटर रुंद, आमची वॅगनआर १६२. उरले १५९. दोन्ही गाड्या तोंड आत करून लावल्या तर डावीकडच्या गाडीचा चालक मधे उतरतो आणि उजवीकडच्याचा भिंतीकडे. म्हणजे दार उघडायला दोन ठिकाणी जागा सोडावी लागते, आणि दोन्हीकडे ती अपुरी पडते. म्हणून क्रेटा रिव्हर्समध्ये आत घ्यायची. मग दोन्ही चालक मधल्या एकाच गल्लीत उतरतात. डावीकडे २९, मधे ८५, उजवीकडे ४५. बेरीज करून बघा. वॅगनआर आमचे हे चालवतात, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, अंग चोरून उतरणं त्यांना जमत नाही. त्या ८५ सेंटिमीटरसाठी ही सगळी उठाठेव होती.

आता खोलीचं. वॅगनआर साडेतीन मीटरपेक्षा थोडीशीच जास्त. ती पुढे समोरच्या भिंतीजवळ न्यायची, म्हणजे मागे शटरजवळ स्कूटर आडवी मावते. बॉनेट ठेंगणं असतं, तेव्हा त्याच्या वर, भिंतीला, सव्वा मीटर उंचीपासून फळ्या मारता येतात. गाडी किती पुढे न्यायची हे कळायला स्लॅबवरून दोरीने टेनिसचा चेंडू सोडलाय. काचेला टेकला की ब्रेक. हे सगळं मी तुमच्या माणसाला उभं राहून दाखवलं. क्रेटाच्या मागच्या भिंतीला काही लावू नका, डिकी वर उघडते, असं तांबड्या पेनाने लिहून दिलं. तुमच्या माणसांनी तिथे दीड मीटरवर फळी लावली. डिकी पहिल्याच दिवशी आपटली. पण ही तक्रार आज गौण झाली आहे, पुढच्या गोष्टी बघता.

पुढची गोष्ट म्हणजे भिंत. आमचं गॅरेज चिऱ्याचं आहे. तुमच्याकडे त्याला जांभा म्हणत असतील. मी सर्व्हेवाल्याला सांगितलं, भिंत चिऱ्याची आहे, वर फक्त अर्धा इंच गिलावा आहे. त्याने बोटाने टकटक केलं आणि ‘ब्रिक वॉल’ असं लिहिलं. मी परत सांगितलं. तो म्हणाला, ‘मॅडम, चिरा म्हणजे रेड ब्रिकच ना?’ १८०७ साली फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात पाहिलेल्या याच दगडाला लॅटेराइट नाव दिलं, कारण लॅटिनमध्ये वीट म्हणजे ‘लाटेर’, आणि तिथले लोक तो विटेसारखा कापून बांधकामाला वापरत होते. तेव्हा तुमच्या माणसाच्या बाजूने इतकं म्हणता येईल की चूक जुनी आहे. पण बुकाननने त्यात फास्टनर ठोकले नव्हते.

चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण आत भोकंच भोकं. ड्रिल लावलं की भोक बिटापेक्षा मोठं पडतं आणि कडा भुगा होतात. पसरून घट्ट बसणारा फास्टनर त्यात पसरतो, पण धरतो कशाला? ११ जुलैला पडलेला एक बोल्ट मी अजून ठेवलाय. त्याच्या खोबणीत तांबडी माती अशी दाबून भरली आहे, जशी पावसात शेतातून आल्यावर चपलेच्या तळाला बसते. बोल्टभोवतीची पसरणारी गिट्टी अख्खी आहे. वाकलेली नाही, तुटलेली नाही, नवीकोरी. तिच्या बाजूने भिंतच निघून आली.

फळीवर काय होतं, हे तुमच्या लोकांनी चार वेळा विचारलं, जणू मी तिथे रणगाडा ठेवला होता. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची, लाकडी चौकट, मखराचे भाग, पितळी घंगाळ, रंगाचे दोन डबे, एक दोर. घरच्या वजनकाट्यावर एकेक ठेवून मोजलं. ४६ किलो. तुमच्या पत्रकात एका भागाला १२० किलो छापलंय. आणि हे वजन नुसतं खाली दाबत नाही. फळी भिंतीपासून ४० सेंटिमीटर पुढे येते, तेव्हा ते वरच्या बोल्टला भिंतीबाहेर ओढतं. आठवीच्या मुलाला मी हे पट्टी आणि खोडरबर घेऊन समजावून सांगितलंय. तुमच्या अभियंत्यांना सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आमच्या गावचा मेस्त्री, माझाच एके काळचा विद्यार्थी, दुसऱ्या दिवशी बघायला आला. म्हणाला, ‘टीचर, चिऱ्यात हे धरत नाही. आरपार बोल्ट टाकून पलीकडून लोखंडी पट्टी द्यायची, नाहीतर सगळं स्लॅबला टांगायचं.’ स्लॅब काँक्रीटचा आहे, डोक्यावरच आहे, तुमच्या माणसाने त्याकडे मान वर करून बघितलं नाही. मेस्त्रीने हा सल्ला फुकट दिला, वर चहा घेऊन गेला.

खालच्या कपाटांचं तर जुलैपर्यंत थांबायलाही नको होतं. यंदा पावसाने मे संपायची वाट पाहिली नाही. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. संध्याकाळी दोन भिजलेल्या गाड्या आत येतात, तापलेली इंजिनं, टपटपणारं पाणी, शटर बंद. सकाळी गॅरेज उघडलं की हातात ओला टॉवेल घेतल्यासारखं होतं. तुमची कपाटं या फरशीवर थेट टेकवलेली, पाय नाहीत. ‘मॉइश्चर रेझिस्टंट’ म्हणून विकलेला बोर्ड जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तळाकडून फुगला, जसा चहात बुडवलेला टोस्ट. लोखंडावरचं पावडर कोटिंग चांगलं आहे, मान्य करते. जिथे तुमच्या माणसांनी जागेवर भोकं पाडली तिथे ते उरलंच नाही, आणि गंज तिथूनच सुरू झाला. गॅरेजसाठी विकायचं असेल तर मरीन प्लाय वापरा आणि कपाट जमिनीपासून वीतभर वर ठेवा. हे मी सांगायला नको होतं.

आता फोन. दहा फोनांबद्दल थोडक्यात. दोनदा तक्रार आपोआप बंद झाली, कारण ‘ग्राहक उत्तर गोव्याच्या पत्त्यावर उपलब्ध नाही’. फोंडा तालुका जानेवारी २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. दहा वर्षं झाली. तुमच्या संगणकाला कोणीतरी कळवा. एकदा सांगण्यात आलं की गॅरेज हे ‘सेमी-आउटडोअर’ धरलं जातं आणि वॉरंटी फक्त घरातल्या वापरासाठी आहे. मी बिल काढून वस्तूचं नाव वाचून दाखवलं. त्यात ‘गॅरेज’ हा शब्द दोनदा आहे. पलीकडून ‘होल्डवर ठेवतो’ असं उत्तर आलं आणि मग सात मिनिटं बासरी.

आणि आजचा फोन. तो जसाच्या तसा लिहिते, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता. फोनवरच्या मुलाचं नाव लिहीत नाही. तो बावीस-तेवीसचा असेल, समोर जे दिसतं ते वाचतो.

‘मॅडम, आपण दोन्ही गाड्या एकाच वेळी आत ठेवता का?’

मी म्हटलं, हो, दोन गाड्यांचं गॅरेज आहे.

‘मग सिस्टीमला ब्रीदिंग स्पेस मिळत नाही, मॅडम. एक गाडी बाहेर लावून बघितली का?’

मी विचारलं, बाहेर म्हणजे कुठे?

‘बाहेर, मॅडम. गोव्यात तर भरपूर जागा असते ना. मी न्यू इयरला आलो होतो.’

मी गप्प बसले. फोन कट झाला असं वाटून तो दोनदा ‘हॅलो’ म्हणाला. मग म्हणाला, ‘आणि मॅडम, आता पावसाळ्यात तर तिकडे सगळं बंदच असतं ना? गाडीची एवढी गरज पण नसेल.’

माझा मुलगा रोज वेर्ण्याला कारखान्यात कामाला जातो. कारखाना पावसाळ्यात बंद ठेवायचा असतो, हे त्याच्या मालकाला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आणि बाहेर काय आहे ते सांगते. बाहेर अंगण आहे आणि अंगणात दोन माड आहेत. माडाखाली गाडी लावायची नसते, हे गोव्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सोडणासकट नारळ एक-दीड किलोचा असतो आणि पडताना तो मालकाला विचारत नाही. नारळ उतरवणारा पाडेली दोन-तीन महिन्यांनी येतो, मधल्या काळात माड स्वतःच्या मर्जीने वागतो. दोन्ही गाड्या आत याव्यात एवढ्यासाठी मी मोजपट्टी घेऊन तीन संध्याकाळी गॅरेजमध्ये खडूने रेघा ओढल्या. तेवढ्यासाठी तुम्हाला ८६,५०० रुपये दिले. त्यावर तुमचा उपाय काय, तर एक गाडी बाहेर लावा. तेवढं मला फुकटात जमत होतं. इतकी वर्षं तेच करत होते.

मी चिडून लिहायचं नाही असं ठरवलं होतं. जमलेलं दिसत नाही.

माझ्या बहिणीच्या पुण्यातल्या घरात तुमचं कपाट आहे, एकोणीस वर्षांपूर्वीचं. दार अजून एका बोटाने बंद होतं. त्याच्याकडे बघून मी तुमच्याकडे आले. दुसऱ्या एकाचं कोटेशन अकरा हजारांनी कमी होतं; त्याला मी नाही म्हटलं. या वाक्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो, आणि तो तुमच्यावर नाही.

पंधरा दिवसांत हे व्हावं : मांडणी काढून न्यावी, सगळी, भिंतीवरचीही आणि फुगलेलीही. ८६,५०० रुपये परत. बॉनेटचं डेंटिंग-पेंटिंग ९,४०० रुपये, बिल सोबत. भिंतीत २६ भोकं आहेत. ती बुजवून गिलावा आणि रंग, माझ्या मेस्त्रीकडून, तुमच्या खर्चाने. क्रेडिट नोट, कूपन, ‘पुढच्या खरेदीवर सूट’ यांपैकी काही पाठवू नये. फोनही करू नये, लेखी उत्तर द्यावं.

नाही झालं तर मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या शहरात यावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. निवृत्त माणसाकडे वेळ असतो. वही, आलेखाचा कागद, बोल्ट आणि अकरा फोनांच्या तारखा-वेळा घेऊन मी प्रत्येक तारखेला हजर राहीन. चिरे म्हणून सांगितलं होतं, हेही तिथे परत सांगेन.

सत्तावीस तारखेला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आहे. माटोळीची चौकट सध्या दिवाणखान्यात सोफ्यामागे उभी आहे.

आपली ग्राहक
(सही)

सोबत : बिलाची प्रत, सर्व्हेच्या वेळी दिलेला आराखडा, पडलेल्या भागाचे व भिंतीचे नऊ फोटो, बॉनेट दुरुस्तीचं बिल, फोनांची यादी.

ता. क. मांडणी काढायला माणसं पाठवणार असाल तर येत्या मंगळवारी पाठवू नका. त्या दिवशी पाडेली येणार आहे, अंगणात गाडी लावता येणार नाही.