बिघडलेला प्रोजेक्टर भंगारात घालू नका, वाचनालयात आणून द्या

सप्रेम नमस्कार.

आपल्या पेठेतल्या कितीतरी घरांत ८ मिलिमीटरच्या घरगुती फिल्मची रिळे अजून पडून आहेत. मुंजी, डोहाळजेवणे, लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जनाची मिरवणूक, माथेरानची सहल. कुणाच्या डब्यात १२ जुलै १९६१च्या पानशेत पुराआधीचा पुण्याचा नदीकाठही निघेल, सांगता येत नाही. ही रिळे पडद्यावर बघता यावीत म्हणून वाचनालयाने जुने घरगुती प्रोजेक्टर दुरुस्त करायला घेतले आहेत. हात आहेत, हौसही आहे. काम अडले आहे ते सुट्या भागांपाशी.

यंत्र मुळात साधे. बारीक नखी फिल्मच्या भोकात शिरते, एक चौकट खाली ओढते, तेवढा वेळ शटर उजेड अडवते. हा लोखंडी भाग पन्नास वर्षांनीही ठणठणीत असतो. दगा देते ते रबर आणि प्लॅस्टिक. बेल्ट कडक होऊन तुटतात, नाहीतर वितळून डांबरासारखे पुलीला चिकटतात. बेल अँड हॉवेलच्या बऱ्याच १६ मिलिमीटर यंत्रांतला नायलॉनचा पांढरा वर्म गिअर (मळसूत्री आट्यांचे चाक) हमखास तडकतो. ऑस्ट्रियाची ऑयमिग कंपनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बुडाली, त्यामुळे तिच्या यंत्रांचे भाग मिळतात ते दुसऱ्या ऑयमिगच्या पोटातूनच. म्हणून आम्हाला मेलेली यंत्रेही हवी आहेत. ‘चालत नाही हो, कशाला आणू?’ असे म्हणून कृपया संकोच करू नका. शोकेसमध्ये ठेवायला मात्र आम्ही काही घेत नाही.

अमेरिकेहून आलेल्या यंत्रांचे दुखणे वेगळे. तिथे वीज १२० व्होल्ट, सेकंदाला ६० सायकल. इथे २३० व्होल्ट, ५० सायकल. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टेजचा प्रश्न मिटतो, सायकलचा मिटत नाही. इंडक्शन मोटरचा वेग सायकलवर ठरतो, त्यामुळे ती असेल तर सेकंदाला १८ चौकटींऐवजी १५च सरकतात आणि मुंजीतला बटू संथ पावले टाकू लागतो. मोटरवरची पुली सव्वा नाही, पण १.२ पट व्यासाची हवी. हे लेथवर अर्ध्या तासाचे काम आहे. तेवढ्यासाठी भोसरीतल्या किंवा पर्वती पायथ्याच्या कारखानदारांपैकी कुणी अधूनमधून लेथ दिला तर फार मोठी सोय होईल. मोटर वायंडिंग करणारे आणि गोल रबरी दोरीपासून बेल्ट जोडून देणारे कारागीरही हवे आहेत. मजुरी देऊ, फुकट नको.

बल्बचेही सांगायला हवे. १२ व्होल्ट, १०० वॅटचे रिफ्लेक्टरवाले हॅलोजन अजून मिळतात. जुन्या यंत्रांचे ५०० आणि ७५० वॅटचे लांबट बल्ब मात्र दुर्मीळ झाले आहेत. जुन्या फोटो स्टुडिओच्या किंवा शाळेच्या कपाटात असा एखादा खोक्यात असेल तर जरूर कळवा. बल्बच्या बुडावरचा नंबर आणि व्होल्ट-वॅट कळले तरी पुरे. पासोड्या विठोबापाशी किंवा बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फिरणाऱ्यांनीही नजर ठेवावी. लेन्स, रिकामी स्पूल, छापील माहितीपुस्तिका, काहीही चालेल.

एक विनंती कळकळीची. घरचा प्रोजेक्टर सापडला म्हणून लगेच आजोबांचे रीळ त्यावर चढवू नका. गेट, म्हणजे दिव्यासमोरची फिल्म सरकण्याची फट, साफ नसेल तर फिल्मवर रेघ उमटते ती कायमची. फिल्म अडकली तर दिव्याच्या उष्णतेने चौकट जळते. शिवाय साधे ८ आणि १९६५ साली आलेले सुपर ८ यांची रुंदी सारखी असली तरी भोके वेगळी असतात. एकाचे रीळ दुसऱ्याच्या यंत्रात गेले तर फिल्म फाटणारच. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते रीळ बाकीच्यांपासून वेगळे ठेवा आणि आधी आमच्याकडे आणा, कारण असली फिल्म आक्रसत जाते आणि नंतर कुठल्याच यंत्रातून सरकत नाही.

देणगी रोख किंवा धनादेशाने कार्यालयात स्वीकारली जाईल, पावती मिळेल. ही रक्कम बेल्ट, बल्ब, ट्रान्सफॉर्मर आणि मजुरी एवढ्यावरच खर्च होईल; हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर लावू. रिळे आम्ही ठेवून घेत नाही. तुमच्यासमोर दाखवून परत देतो.

यंत्र जड असेल तर सभासद घरी येऊन घेऊन जातील. आणताना वायर आणि झाकण वेगळे करू नका, आणि फिरत नसलेले चाक जोर लावून फिरवू नका. कार्यालय रोज संध्याकाळी उघडे असते.

आपले,
कार्यकारी मंडळ