काकू, डिपॉझिट पूर्ण मिळालं

आदरणीय काकू,

साष्टांग नमस्कार.

गेल्या शनिवारी सिंगापूरमधल्या टोआ पायोहच्या आमच्या भाड्याच्या घराच्या किल्ल्या परत केल्या. डिपॉझिटचे 5,000 डॉलर पूर्ण मिळाले, एक सेंटही कापला नाही. फोनवर तुम्हाला सांगितलं, पण तुम्ही "बरं झालं गं, जेवलीस का?" म्हणून विषय बदललात आणि आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. सिंगापूरला नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटात भाजी घेताना तुम्ही भेटाल असं नाही ना!

2022 चा ऑगस्ट होता. कंपनीने दिलेली राहायची सोय नऊ दिवसांत संपणार होती. भाडी झपाट्याने चढत होती, सकाळी पाहिलेलं घर संध्याकाळपर्यंत जायचं. आमचा फोन मात्र त्याआधीच एका प्रश्नावर अडायचा, "इंडियन?" हो म्हटलं की घर आधीच गेलेलं असायचं. काही जाहिरातींत तर तसं स्पष्ट लिहिलेलं असायचं. टेक्कात मी कढीपत्त्याची जुडी हातात धरून ह्यांना फोनवर हेच सांगत होते. लेक ओढणी ओढत होती, मला रडू आवरत नव्हतं. शेजारी भेंडी निवडता निवडता तुम्ही मान वळवलीत आणि विचारलंत, "घर बघताय? किती जणं आहात?"

ना ओळख, ना पाळख. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तुम्ही आमच्या दारात हजर होतात, पिशवीत डायरी आणि टॉर्च.

एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमध्ये हॉलसुद्धा मोजतात, त्यामुळे 'थ्री रूम' म्हणजे दोनच बेडरूम, हे तुम्ही सांगितलंत. कमीत कमी सहा महिन्यांचा करार लागतो, तेही. एक एजंट घर दाखवायच्या आधीच 'बुकिंगचे' पैसे मागत होता. सरकारी नोंदवहीत प्रत्येक एजंटचं नाव आणि नंबर असतो, तिथे तो तुम्हाला सापडलाच नाही. शिवाय एचडीबीच्या भाड्याचे पैसे एजंटने हातात घ्यायचेच नसतात, मालकाला थेट द्यायचे. मी बँकेचं ॲप उघडून बसले होते काकू. तुम्ही माझ्या हातातून फोन काढून घेतलात.

मग एक घर आवडलं, तर कोटा भरलेला निघाला. पूर्ण फ्लॅट परदेशी माणसाला भाड्याने द्यायला वस्तीतल्या 8 टक्के आणि इमारतीतल्या 11 टक्के फ्लॅटांची मर्यादा असते, मलेशियन सोडून. मालकाने आधी एचडीबीच्या साइटवर तपासलं असतं तर आमचे दोन दिवस वाचले असते. त्यानंतर तुम्ही प्रत्येक घराच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच विचारायला लागलात.

आणि मग आंटींचं घर, म्हणजे आमच्या घरमालकिणीचं. तिथल्या एजंटने आम्हाला आधीच पढवून ठेवलं होतं, 'लाइट कुकिंग' म्हणा. म्हणजे भात, उकळलेल्या नूडल्स, वाफवलेल्या भाज्या. आंटींनी स्वयंपाकघराच्या दारात थांबून विचारलं, "कुकिंग?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "रोज दोन वेळा. फोडणी, मसाले, सगळं." एजंटचा चेहरा मला अजून आठवतो. तुम्ही मात्र शांतपणे ओट्यापाशी गेलात, खिडकी पूर्ण उघडलीत, वारा कुठून येतो ते पाहिलंत आणि आंटींना विचारलंत, "तुम्ही घरी बेलाचान भाजता ना?"

बेलाचान म्हणजे कोळंबीच्या जातीच्या बारीक जवळ्याचा आंबवलेला, वाळवलेला गोळा. भाजला की वास अख्ख्या मजल्यावर जातो. आंटी तुमच्याकडे बघतच राहिल्या, मग खळखळून हसल्या. पुढची दहा मिनिटं तुम्ही त्यांना अलिबागला अंगणात जवळा कसा वाळत घालतात ते सांगत होतात आणि त्या तुम्हाला त्यांच्या आईच्या हातचा सांबल, म्हणजे त्यांची मिरचीची चटणी. आम्ही दोघं आणि एजंट नुसते उभे. करारात एक ओळ वाढली: ओट्यावरचा हूड, म्हणजे धूर ओढणारी चिमणी, दर तीन महिन्यांनी साफ करायचा. भाडं महिना 2,500 डॉलर, करार दोन वर्षांचा.

लिफ्टची वाट बघताना तुम्ही म्हणालात, "खोटं बोलूनही घर मिळतं गं. पण मग दोन वर्षं फोडणी घालताना दार लावून घ्यावं लागतं." त्या घरात मी एकदाही दार लावलं नाही.

करार तुम्ही चष्मा लावून ओळ न् ओळ वाचलात. नोकरी गेली किंवा बदली झाली तर एका वर्षानंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन निघता येईल, हे कलम तुम्ही घालून घेतलंत. ते वापरायची वेळ आली नाही, पण 2023 मध्ये ह्यांच्या ऑफिसात माणसं कमी होत होती तेव्हा त्या एका कलमामुळे मला रात्री झोप लागायची. स्टँप ड्यूटी भाडेकरूने भरायची, एकूण भाड्याच्या 0.4 टक्के, म्हणजे आमचे 240 डॉलर, सही झाल्यापासून 14 दिवसांत. आम्ही पुढे ढकलत होतो. तुम्ही बजावलंत, स्टँप नसलेला करार कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

आणि फोटो! किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी तुम्ही गुडघ्यांवर बसून सिंकखालच्या कपाटात टॉर्च मारलात. तुमचे गुडघे दुखतात हे मला नंतर कळलं. तळाचं प्लायवूड पाण्याने फुगून कडेला सुटलं होतं. "ह्याचा जवळून काढ, मग लांबून काढ." असे 143 फोटो, त्याच रात्री आंटींना ईमेल.

परवा घर परत देताना आंटींच्या मुलाने नेमकं तेच प्लायवूड दाखवून नुकसानभरपाई मागितली. मी 2022 चा ईमेल उघडून फोन आंटींच्या हातात दिला. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, कपाटात वाकून पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "हे जुनंच आहे." तिथेच पैसे पाठवले.

निघताना त्यांनी तुमची चौकशी केली, जवळावाली बाई कुठे आहे म्हणून. तुम्ही अलिबागला परत गेलात म्हटल्यावर आत गेल्या आणि सांबलची एक बाटली घेऊन आल्या, झाकणावर चिकटपट्टी गुंडाळलेली. तुमच्यासाठी आहे. आमच्या नव्या घरी फ्रीजमध्ये ठेवलीय. डिसेंबरात येतेय, तेव्हा घेऊन येते.

तुमची,
टेक्कातली कढीपत्तेवाली