पॉवर सप्लायच्या केबलला कात्री लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी संगणक जुळवणारे अनेकजण आता पॉवर सप्लायच्या, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, केबलही स्वतःच बदलू लागले आहेत. कुणाला केबल आखूड हवी असते, कुणाला वायरींवर विणलेले रंगीत आवरण चढवायचे असते, तर कुणाला जुन्या सप्लायवर नवे ग्राफिक्स कार्ड चालवायचे असते. ही कामे घरी नीट होऊ शकतात आणि ती शिकावीत, असेच माझे मत आहे. मात्र त्यांच्या समर्थनार्थ एक वाक्य सर्रास ऐकू येते : ‘बाराच तर व्होल्ट आहेत, आणि काही बिघडलेच तर सप्लाय आपोआप बंद होईल.’ या वाक्याचा दुसरा अर्धा भाग चुकीचा आहे आणि आग तिथूनच लागते.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, हे खरे. पण वायर किंवा पिन किती तापणार हे करंट आणि रोध ठरवतात. करंटचा वर्ग गुणिले रोध, तितके वॉट उष्णतेत जातात. साध्या 18 गेजच्या, म्हणजे सुमारे 0.82 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला 21 मिलिओहम असतो. तिच्या 60 सेंटिमीटर तुकड्यातून 8 अँपिअर गेले, तर जेमतेम 0.8 वॉट उष्णता होते आणि ती सगळ्या लांबीभर पसरून जाते. आता एकच पिन ढिली आहे आणि तिथला रोध 50 मिलिओहम झाला आहे असे धरा. तेवढ्याच करंटला त्या पिनमध्ये 3.2 वॉट उष्णता तयार होते, तीही काही मिलिमीटर जागेत, चहूबाजूंनी प्लॅस्टिक असताना. पिन तापते, तिची स्प्रिंग सैल पडते, पृष्ठभाग काळवंडतो, रोध आणखी वाढतो. हे चक्र एकदा सुरू झाले की आपणहून थांबत नाही.

सप्लायमधली संरक्षणव्यवस्था हे पाहू शकत नाही. शॉर्ट झाला किंवा एकूण करंट मर्यादेबाहेर गेला, तर ती सप्लाय बंद करते. ढिल्या पिनमुळे एकूण करंट फारसा बदलत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या 8 पिनी कनेक्टरचे उदाहरण घ्या. त्याची मर्यादा 150 वॉट, म्हणजे 12.5 अँपिअर, आणि ते बारा व्होल्टच्या तीन पिवळ्या वायरींतून जातात. प्रत्येकी चारच्या आसपास. मात्र एकाच केबलवर पुढे दुसरा कनेक्टर जोडून दोन्ही कार्डात लावले, की त्याच तीन वायरींवर 25 अँपिअर येऊ शकतात, प्रत्येकी आठच्या वर. त्यात एक पिन नीट बसलेली नसली तर उरलेल्या दोघींवर साडेबारा-साडेबारा अँपिअर पडतात. या जातीच्या साध्या पिना गृहातल्या, म्हणजे कनेक्टरच्या प्लॅस्टिक कवचातल्या, पिनांच्या संख्येनुसार साधारण 7 ते 9 अँपिअर पेलतात. सप्लायला मात्र एकूण 25 अँपिअरच दिसतात. 850 वॉटच्या, एकाच बारा व्होल्ट रेलच्या (बारा व्होल्टच्या सगळ्या वायरींची मिळून एकच मर्यादा असलेल्या) सप्लायला 70 अँपिअर द्यायची मुभा असते. तो कशाला बंद होईल?

म्हणून सगळी काळजी सांध्याची घ्यायची. पिन दाबण्यासाठी त्याच आकाराच्या साच्याची क्रिम्पिंग पक्कड (पिनच्या पाकळ्या वायरीवर दाबून बसवणारी) हवी; साध्या पकडीने चेपलेली पिन दिसायला घट्ट आणि आतून पोकळ राहते. वायरीचे आवरण सुमारे 3 मिलिमीटर सोलावे. एकही तार तुटू देऊ नये. पिनच्या पुढच्या पाकळ्या उघड्या तांब्यावर आणि मागच्या पाकळ्या आवरणावर दाबल्या गेल्या पाहिजेत. मागच्या पाकळ्या तांब्यावर आल्या, तर वाकण्याचा ताण थेट तारांवर येतो. मग निदान चार-पाच किलोच्या जोराने वायर ओढून पाहावी. निसटली तर पिन फेकून द्यावी. तीच पिन पुन्हा दाबून वापरू नये.

‘वर थोडे सोल्डर लावले की पक्के’ हा सल्ला मला पटत नाही. सोल्डर वायरीच्या आत वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि ताठ भाग जिथे संपतो नेमकी तिथे वायर तुटते. आधी सोल्डर लावून मग पिन दाबणे त्याहून वाईट, कारण सोल्डर मऊ असतो, दाबाखाली हळूहळू सरकतो आणि महिन्यांनी सांधा ढिला होतो. स्वस्त वायरींत तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियमही असते, त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास. चाकूने टोक खरवडून आत पांढरा धातू दिसला, तर ती वायर या कामाला घेऊ नये. मात्र नुसते वरून पाहून निकाल देऊ नका; कथिलाचा हात दिलेले अस्सल तांबेही वरून पांढरेच दिसते.

जुनी पिन गृहातून काढताना तिच्या बाजूची दोन बारीक अडकणे आत दबतात. पुन्हा बसवण्याआधी ती टोकाने बाहेर उचलावी लागतात. हे विसरले, तर पिन बसल्यासारखी वाटते आणि कनेक्टर लावताना मागे सरकते. ढिल्या पिनांचे हे फार सामान्य कारण आहे.

दुसरा मोठा धोका सुटणाऱ्या केबलच्या, म्हणजे मॉड्युलर सप्लायचा. मदरबोर्ड, डिस्क, ग्राफिक्स कार्ड यांच्या बाजूचे कनेक्टर प्रमाणित आहेत. सप्लायच्या बाजूचे नाहीत. तिथे कोणत्या भोकात काय, हे प्रत्येक निर्माता ठरवतो आणि एकाच निर्मात्याच्या दोन मालिकांतही फरक असू शकतो. कनेक्टर मात्र हुबेहूब बसतो! पाच व्होल्टच्या जागी बारा गेले, की डिस्क क्षणात मरते आणि तिच्यावरची माहितीही बहुधा जाते. म्हणून मूळ केबल कापण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही टोकांचा नकाशा स्वतः काढावा. जालावरची चित्रे कधी तोंडाच्या बाजूने काढलेली असतात, कधी वायरीच्या, डावे-उजवे उलटते. प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डाचा 8 पिनी कनेक्टर यांतही गल्लत नको. पहिल्यात खिटीच्या, म्हणजे कनेक्टर अडकवणाऱ्या कडीच्या, बाजूला बारा व्होल्ट असतात, दुसऱ्यात ग्राउंड, म्हणजे करंट परत नेणाऱ्या काळ्या वायरी. आणि मदरबोर्डच्या 24 पिनी कनेक्टरच्या 13 नंबरच्या पिनमध्ये बहुतेकदा दोन वायरी दिसतील. त्यातली बारीक वायर फालतू समजून कापू नये, 3.3 व्होल्ट प्रत्यक्षात किती पोहोचतात हे सप्लाय तिच्यावरून मोजतो.

डिस्कला वीज देणाऱ्या साटा (SATA) कनेक्टरवरून ग्राफिक्स कार्डाचा 6 पिनी कनेक्टर बनवणारे जोड मिळतात. ते वापरूच नयेत. साटामध्ये बारा व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे 54 वॉट. कार्ड त्यावरून 75 मागू शकते.

सप्लायचा डबा मात्र केबलसाठी कुणी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 380 ते 400 व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. न सुटणाऱ्या केबल आखूड करायच्या असतील, तर डब्याबाहेरच कराव्यात.

काम झाल्यावर केबल सुटी असतानाच प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत मीटरने तपासावी. पिवळ्या आणि काळ्यामध्ये मीटर वाजता कामा नये. मग संगणकाचा एकही भाग न जोडता सप्लाय चालू करावा. त्यासाठी 24 पिनीतील 16 नंबरची, एरवी हिरवी, पिन ग्राउंडला जोडावी लागते. सगळ्या वायरी काळ्या असतील, तर नंबर दोनदा मोजावा. बाराचे माप 11.4 ते 12.6, पाचचे 4.75 ते 5.25 आणि 3.3 चे 3.14 ते 3.47 व्होल्टच्या आत हवे. त्यानंतरच मदरबोर्ड आणि डिस्क जोडावी. अर्धा तास जड काम चालवून संगणक बंद करावा आणि लगेच प्रत्येक कनेक्टरला हात लावून पाहावा. कोमट चालेल. बोट टेकवत नसेल, किंवा प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी झाले असेल, तर पिना आणि गृह दोन्ही बदलावीत, आणि समोरच्या बाजूचा सॉकेटही तपासावा, कारण भाजलेला सॉकेट नव्या पिनलाही ढिलाच धरतो.

सप्लाय बनवणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे : आपल्या बाजूच्या कनेक्टरचा पिनांचा नकाशा डब्यावरच छापा. त्याला एक स्टिकर पुरते. आणि आपल्या वृत्तपत्राने केबल सजवण्यावर लेख छापला, तर त्यात रंगांबरोबर वायरीची जाडी आणि पक्कड कोणती हेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ