कट्ट्यावर न उरलेल्यांची नोंद

महोदय,

लठ्ठपणावरच्या आपल्या लेखावरून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात वाद रंगला. बहुतेकांचं म्हणणं एकच, 'आमची पोटं कधीची सुटलीत, आम्हाला काय झालं?' मी एकाहत्तर वर्षांचा, वजनकाटा टाळणाराच. पण यात एक गफलत आहे. ज्यांना काही झालं, ते कट्ट्यावर यायला उरलेच नाहीत.

अमेरिकेत रायन मास्टर्स या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हीच चूक दाखवून दिली. चाळीस ते पंच्याऐंशी वयाच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या मृत्यूंपैकी सुमारे १८ टक्के मृत्यूंशी त्यांनी जादा वजनाचा संबंध लावला. आधीचा रूढ अंदाज ५ टक्क्यांच्या आसपास होता. त्यांनी वयाबरोबर जन्मसालही पाहिलं, आणि अलीकडच्या पिढ्यांत हा वाटा वाढत गेलेला दिसला.

हे आपल्या घरातही ताडून पाहता येतं. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाल्लेली आमची पिढी. पोट सुटलं ते नोकरीत कायम झाल्यावर, बढतीच्या जोडीनं. माझ्या नातवाला अकराव्या वर्षी मोठ्या माणसांच्या मापाची पँट लागते, आणि घरात कौतुक काय, तर 'खात्यापित्या घरचा आहे'! (हे म्हणणाऱ्यांत मीही होतो.) तो साठीला येईल तेव्हा माझ्याएवढाच भरेल कदाचित, पण त्याच्या रक्तवाहिन्यांनी ते ओझं पन्नास वर्षं वाहिलेलं असेल.

त्यात आपली, भारतीयांची, शरीराची ठेवणच वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

आपल्याकडे हा हिशेब मांडायचा कशावरून? २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलं होतं. तिथेही 'हृदयक्रिया बंद पडून' एवढं लिहिलं की काम संपतं. शासनाने मृत्यूची कारणं जन्मदशकानुसार प्रसिद्ध करावीत. शाळांतल्या आरोग्य तपासणीत मुलांचं वजन लिहितात, ती नोंद पुढे जपली जाते का, याचंही उत्तर द्यावं.

– एक ज्येष्ठ वाचक, सातारा